हजार पानांची फॅन्टसी वाचायची कशी आणि मग तिच्यावर लिहायचं कसं

पुस्तकाच्या दुकानात फॅन्टसीच्या कपाटापुढे उभं राहायचं, नऊशे-हजार पानांचा एखादा ठोकळा हातात घ्यायचा, वजन बघायचं, किंमत बघायची आणि गपचूप परत ठेवून द्यायचा, असं करणारे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. त्यातल्या निम्म्यांना तरी ते पुस्तक जाम आवडलं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांनी वाचून संपवलंय पण लिहायला बसलं की 'खूप मस्त आहे, नक्की वाचा' याच्यापुढे गाडी सरकत नाही, त्यांच्यासाठी पण.

आधीच एक सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. एवढ्या मोठ्या पुस्तकाचा रिव्ह्यू वाचणाऱ्याला मुख्य प्रश्न एकच असतो, की बाबा एवढी पानं आहेत, ती गेली कुठे आणि वसूल झाली का. याचं उत्तर शेवटचं पान संपल्यावर आठवून देता येत नाही कारण तोपर्यंत सुरुवातीचं अर्धं विसरलेलं असतं. म्हणून रिव्ह्यू पहिल्या पानापासूनच सुरू होतो, वाचता वाचता.

सुरुवात कशाने करायची

पहिल्याच फटक्यात चौदा खंडांच्या मालिकेला हात घालू नका. 'व्हील ऑफ टाइम' ही चौदा मुख्य पुस्तकांची मालिका १९९० ते २०१३ अशी चालली, सगळी मिळून चाळीस लाखांच्या वर शब्द आहेत, आणि ती कुणाची पहिली फॅन्टसी असावी असं मला अजिबात वाटत नाही. आधी एखादं छोटं घ्या. अर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं आहे, दोनशे पानांच्या आसपास, आणि त्यात बेटं आहेत, जादू शिकवणारी शाळा आहे, जादूची किंमत मोजावी लागणं आहे, म्हणजे या प्रकाराची सगळी मूळ अक्षरं गिरवून होतात. मग टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घ्या. जाड आहे पण पूर्ण आहे, पुढचा भाग कधी येणार म्हणून वाट बघत बसायला लागत नाही. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद आहे, 'स्वामी मुद्रिकांचा', तो वाचा, त्यात कमीपणा काही नाही. आणि हा प्रकार आपला नाही वगैरे कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आहे, मराठी कादंबरी लहान होती तेव्हापासून आपल्याकडे अद्भुतरम्य वाचलं जातंय, नंतर नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने तर लोकांना वेड लावलं होतं.

विकत घेताना एक बघायचं. जाड पुस्तकं पेपरबॅकमध्ये कधीकधी दोन भागांत फोडलेली असतात. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेतलं ('गेम ऑफ थ्रोन्स' जिच्यावरून आलं ती) तिसरं पुस्तक, 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स', ब्रिटिश पेपरबॅकमध्ये दोन भागांत आलं आणि आपल्याकडे त्याच आवृत्त्या जास्त दिसतात. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात 'पार्ट वन' लिहिलेलं असतं ते वाचा, नाहीतर अर्धंच पुस्तक वाचून 'शेवट एकदम तुटक वाटला' असं लिहून बसाल. मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ किंवा फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर जुनं घेत असाल तर तिथेच उभं राहून तीन गोष्टी चेक करा. सुरुवातीचा नकाशा शाबूत आहे का, शेवटची पानं सगळी आहेत का, आणि मधोमध उघडल्यावर बांधणी कडकन वाजते का. वाजली तर त्या जागी पुस्तक दुभंगणार हे नक्की, आणि सातशे पानांच्या वरचं पुस्तक दुभंगलं की ते वाचायचा मूडच जातो. लायब्ररीचं असेल तर मुदत वाढवून मिळते का ते आधीच विचारून ठेवा, या पुस्तकांना नेहमीची मुदत पुरत नाही.

हिशोब करा, घाबरू नका

पानांचा आकडा फसवा असतो, अक्षर बारीक-मोठं असतं, तेव्हा शब्द मोजा. एका भरलेल्या पानावर ओळी किती आणि एका ओळीत सरासरी शब्द किती, गुणाकार करा. समजा ३८ ओळी आणि ११ शब्द, म्हणजे चारशेच्या थोडं वर. आता मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावून नेहमीसारखं वाचा, मुद्दाम पळू नका. पाच पानं झाली तर तुमचा वेग मिनिटाला दोनशे शब्दांच्या आसपास आहे, आणि इंग्रजी ही आपली घरची भाषा नसताना हा वेग चांगलाच आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' साधारण पावणेपाच लाख शब्दांचं आहे. या वेगाने चाळीस तास. रोज चाळीस मिनिटं दिली तर साठ दिवस, दोन महिने. एवढंच आहे ते. दोन महिन्यांत आपण एखादी वेबसिरीज दोनदा बघून काढतो.

पण रोज अमुक पानं असं टार्गेट ठेवू नका प्लीज. घरी कुणी गुरुचरित्राचं पारायण करताना बघितलं असेल तर आठवा, सात दिवसांची वाटणी अध्यायांनी केलेली असते, कुठल्या दिवशी अध्याय जास्त, कुठल्या दिवशी कमी, पण थांबायचं ते अध्याय पूर्ण करूनच. लांब कादंबरीला हीच पद्धत लागते. लेखकाने प्रकरण जिथे संपवलंय तिथे त्याने तुम्हाला काहीतरी हातात देऊन पाठवलेलं असतं, एखादा प्रश्न, एखादी धमकी, आणि तुम्ही वीस पानं झाली म्हणून संवादाच्या अधेमधे पुस्तक मिटलंत तर दुसऱ्या दिवशी परत मागे जावं लागतं. तेव्हा अनुक्रमणिका उघडा, आठवड्याची प्रकरणं ठरवा, एखादं मोठं प्रकरण शनिवारी-रविवारी ठेवा. मेगाब्लॉकचा रविवार याच्यासाठी एकदम बेस्ट, तसंही बाहेर पडण्यात अर्थ नसतो.

ट्रेनमध्ये काय

सकाळच्या विरार फास्टमध्ये उभ्याने हजार पानी पुस्तक उघडायचा विचार सोडून द्या, एक हात कडीला असतो आणि दुसऱ्या हाताने ते पेलत नाही, शिवाय पुढच्या माणसाच्या मानेला लागतं. ट्रेनसाठी मोबाइल किंवा किंडल, घरी कागदी पुस्तक, अशी विभागणी चालते, फक्त एकच प्रकरण दोन्हीकडे अर्धं-अर्धं करू नका, ट्रेनमधलं प्रकरण ट्रेनमध्ये संपवा. ऑडिओबुक ऐकणारे पण बरेच आहेत आणि लढाया-प्रवासाची प्रकरणं कानाने छान जातात, पण जिथे नवीन माणसांची नावं धडाधड येतात ती डोळ्यांनीच वाचा. रिव्ह्यूमध्ये मात्र अर्धं ऐकलंय हे सांगून टाका, कारण चांगला निवेदक रटाळ प्रकरणसुद्धा ओढून नेतो आणि ते श्रेय मग लेखकाला जातं. आणि पावसाळ्यात पुस्तक झिपवाल्या पिशवीत, बॅगेत छत्रीच्या बाजूला नाही. पेपरबॅक एकदा फुगलं की फुगलं.

पहिली शंभर पानं

लोक पुस्तक सोडतात ते बहुतेक इथेच. वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी सारखी, तीन राज्यं, दोन जुनी युद्धं, आणि काहीच कळत नाहीये असं वाटतं. कळत नाहीये हे ठीक आहे, लेखकाला माहीत असतं की तुम्हाला सगळं कळणार नाही. तुम्ही फक्त एक कागद करा, ए फोरचा अर्धा, आणि तो पुस्तकातच खूण म्हणून ठेवा. त्यावर प्रत्येक माणसासाठी एक ओळ: नाव, कोणाचा कोण, त्याला काय हवंय, शेवटचा कुठे दिसला. 'त्याला काय हवंय' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शंभर पानांनंतरही एखाद्या मुख्य माणसापुढे तो रिकामा राहिला असेल तर तुमच्या रिव्ह्यूचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दर वेळी पहिल्या पानावर जायला लागत नाही. आणि नाव आठवलं नाही तर ते गूगल करू नका. नुसतं नाव टाइप केलं तरी खाली सजेशनमध्ये कोण मरतं, कोण कोणाशी लग्न करतं ते येतं, आणि पाचशे पानांची मजा एका सेकंदात जाते. किंडलवर असाल तर पुस्तकातच सर्च करा, ते नाव पहिल्यांदा कुठे आलं ते दिसेल, पण रिझल्ट्समध्ये पुढच्या पानांच्या ओळी पण येतात, तेव्हा फक्त वरचे दोन-तीन बघा.

चिठ्ठ्या

हा या लेखातला माझा सगळ्यात लाडका भाग आहे. अधोरेखित करत बसू नका, रंगीत मार्करने अख्खं पान पिवळं करून नंतर काहीच उपयोग होत नाही. छोट्या चिकट चिठ्ठ्या घ्या किंवा मोबाइलमध्ये एक नोट उघडी ठेवा आणि तीनच प्रकारच्या गोष्टी टिपा. लेखकाने काही कबूल केलं का, म्हणजे एखादी वस्तू, शाप, अर्धवट सांगितलेली गोष्ट, जिचं पुढे काहीतरी व्हायला हवं. तुम्हाला कंटाळा कुठे आला. आणि पुस्तक खाली ठेववेना असं कुठे झालं. पानाचा नंबर आणि चार शब्द, बस.

उदाहरण देते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या शंभर-दीडशे पानांनंतर टॉम बॉम्बाडिल नावाचा एक गाणारा म्हातारा येतो आणि त्याच्या मागोमाग थडग्यांच्या टेकड्यांचा प्रसंग येतो. हा सगळा भाग कथेला काही गरज नसताना घातलाय असं म्हणणारे खूप लोक आहेत, पीटर जॅक्सनच्या सिनेमातही तो नाही. आता समजा तुम्ही तिथे चिठ्ठी लावलीत: 'कंटाळा. गाणी फार. थडग्यातून चौघांना जुनी हत्यारं मिळाली, खास बनवलेली, कुणाविरुद्ध?' आणि वाचत राहिलात. त्या हत्यारांपैकी एक थेट तिसऱ्या खंडात परत येतं, आणि ज्या क्षणी येतं तो अख्ख्या कथेतल्या सगळ्यात मोठ्या क्षणांपैकी एक आहे, आणि ते हत्यार कोणी, कशासाठी बनवलं होतं हे टॉल्किन तिथे दोन-तीन वाक्यांत सांगतो. चिठ्ठी नसेल तर ती वाक्यं डोळ्यांखालून निघून जातात. चिठ्ठी असेल तर अंगावर काटा येतो, आणि रिव्ह्यूमध्ये तुम्ही लिहू शकता की बॉम्बाडिलचा भाग मलाही लांबला असं वाटलं, पण त्यातल्या थडग्यांच्या प्रसंगाचं देणं लेखकाने पुढे फेडलंय, गाण्यांचं मात्र नाही. हे एक वाक्य 'मध्ये जरा स्लो आहे' या पन्नास जणांनी लिहिलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी कामाचं आहे, कारण यातून वाचणाऱ्याला कळतं की कुठे धीर धरायचा आणि कुठे पानं भराभर उलटली तर चालतील.

मधला उतार

साधारण निम्म्यावर आलं की उत्साह ओसरतो. सुरुवातीचं नवल संपलेलं असतं, शेवट लांब असतो, माणसं नुसती चालत असतात. अशा वेळी दुसरं जाड पुस्तक सुरू करू नका, दोन्ही राहतात. कविता, कथा, दिवाळी अंक, काहीही बारीक चालेल. आठ दिवस पूर्ण सुट्टी घेतलीत तरी चालेल, कागद आहे ना पुस्तकात. गाळून पुढे जायचं असेल तर जा, लढाईची वर्णनं किंवा वंशावळी गाळल्या म्हणून कोणी पोलीस येत नाहीत, फक्त काय गाळलं ते टिपा आणि रिव्ह्यूमध्ये सांगा. आणि नाहीच जमलं तर सोडा. सोडलेल्या पुस्तकावरही लिहिता येतं, 'मी अमुक प्रकरणापर्यंत वाचलं, तिथपर्यंत असं असं झालं, आणि या कारणाने थांबले' हे प्रामाणिक परीक्षण आहे. न वाचलेल्या भागाबद्दल मत देणं तेवढं करू नका.

आता लिहायला बसा

पुस्तक संपल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या. मग चिठ्ठ्या न बघता एक परिच्छेद लिहा, जे डोक्यात उरलंय तेच. हजार पानांतून जे आपोआप उरतं तो पुस्तकाचा गाभा असतो, किमान तुमच्यापुरता. त्यानंतर चिठ्ठ्या काढा आणि कबुलीच्या सगळ्या चिठ्ठ्यांपुढे 'फेडलं', 'नाही फेडलं' किंवा 'पुढच्या भागावर ढकललं' असं लिहा. तुमचा रिव्ह्यू तिथेच अर्धा तयार होतो.

कथा सांगायची ती पहिल्या चतुर्थांशापर्यंतच, म्हणजे मलपृष्ठावर जेवढं असतं त्याच्या थोडं पुढे. पुढचं काही सांगणं गरजेचंच असेल तर आधी इशारा द्या आणि ते वेगळं लिहा. नवखे लोक रिव्ह्यूतला पाऊण भाग कथासार लिहिण्यात घालवतात आणि मत शेवटच्या दोन ओळींत उरकतात. उलट करा.

जादूबद्दल लिहायचं म्हणजे 'मॅजिक सिस्टीम भारी आहे' असं नाही. दोन प्रश्न विचारा: या जादूने काय करता येत नाही, आणि ती वापरणाऱ्याला काय द्यावं लागतं. फॅन्टसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये एक लेख लिहिला होता, त्याचा सारांश असा, की लेखकाला जादूने संकट सोडवायचं असेल तर ती जादू वाचकाला आधी तेवढी कळलेली पाहिजे. हा नियम सगळ्या पुस्तकांना लागत नाही, गूढ ठेवलेली जादू पण सुंदर असू शकते, पण शेवटी नायकाला अचानक नवी शक्ती सापडून सगळं मिटलं तर तुम्हाला का खटकलं ते या नियमाने नीट सांगता येतं.

जग कसं उभं केलंय ते तपासायला मी स्वतः साध्या गोष्टी बघते. एवढ्या मोठ्या शहराला पाणी कुठून येतं, धान्य कोण पिकवतं, पैसे कसले, राजवाड्यात भांडी कोण घासतं. मुंबईत वाढलेल्या माणसाला पाण्याचा प्रश्न आधी सुचणारच. सगळ्याची उत्तरं पुस्तकात नसली तरी चालतात, पण लेखकाने त्याचा विचार केलाय की नाही हे दोन-चार तपशिलांतून लगेच कळतं, आणि असा एक तपशील तुमच्या रिव्ह्यूत आला की वाचणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

लिहिण्याआधी पुस्तकाची प्रकाशनाची हकीकत माहीत करून घ्या, नाहीतर चुकीच्या गोष्टीला दोष दिला जातो. टॉल्किनचं पुस्तक त्याच्या दृष्टीने एकच होतं, १९५४-५५ मध्ये ते तीन खंडांत निघालं ते प्रकाशकाच्या खर्चाच्या गणितामुळे. त्यामुळे दुसरा खंड मधूनच सुरू होतो आणि मधेच थांबतो अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. मार्टिनचं चौथं पुस्तक २००५ चं आणि पाचवं २०११ चं, आणि या दोघांत गोष्ट बरीचशी काळानुसार न विभागता माणसं आणि प्रदेश यांच्यानुसार विभागलीय, तेव्हा चौथ्यात आवडती माणसं गायब आहेत हे लिहा, पण का गायब आहेत ते पण सांगा. 'व्हील ऑफ टाइम'चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटची तीन पुस्तकं त्यांच्या टिपणांवरून सँडरसनने पूर्ण केली, बाराव्या पुस्तकापासून हात बदललाय हे ज्याला माहीत नाही त्याला भाषा का बदलली ते कळणारच नाही.

मालिकेतलं एखादंच पुस्तक असेल तर हे नक्की सांगा की याच भागात काहीतरी पूर्ण होतं का. हे वाचकाला पैसे खर्च करण्याआधी कळायला हवं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव पहिल्या दोन ओळींत घ्या आणि भाषा कशी आहे त्यावर किमान एक परिच्छेद लिहा, मराठी वाचक शेवटी त्यांचीच वाक्यं वाचतोय. प्रत्येक पुस्तकाची तुलना टॉल्किनशी करायची सवय मात्र लावून घेऊ नका, एक तर ती सगळेच करतात, आणि दुसरं म्हणजे ज्याने टॉल्किन वाचला नाही त्याला त्यातून काही मिळत नाही. स्टार द्यायचे तर द्या, पण खाली कोणाला आवडेल आणि कोणाला नाही ते शब्दांत लिहा, 'राजकारण आवडत असेल तर घ्या, लढाया हव्या असतील तर तीनशे पानं थांबावं लागेल' असं काहीतरी.

लांबी किती? सातशे ते हजार शब्द पुरतात. लिहून झाल्यावर माणसांची नावं सगळीकडे एकसारखी लिहिलीत का ते तपासा, देवनागरीत एकच नाव तीन प्रकारे लिहिलं गेलं की वाचणाऱ्याला तीन माणसं वाटतात.

आणि रिव्ह्यू टाकून झाला तरी लगेच पुस्तक कपाटात ठेवू नका. मालिका पुढे चालू असेल तर स्वतःसाठी एक पान सगळ्या स्पॉइलरसकट लिहा: कोण मेलं, कोण कुठे आहे, कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला अजून माहीत नाही, कुठल्या कबुल्या बाकी आहेत. ते पान आणि नावांचा तो अर्धा कागद पुस्तकाच्या मागच्या कव्हरला आतून चिकटवा. पुढचा भाग यायला पाच-सहा वर्षं लागू शकतात, त्या दिवशी हजार पानं परत वाचायला लागणार नाहीत.